नऊ ग्रॅम

नेमबाजीच्या स्पर्धेत सगळ्यांत नावडता माणूस कोण, असं विचारलंत तर कुणीही माझ्याकडे बोट दाखवील. मी साहित्य तपासणीचा पंच. खेळाडूने पेटीतून पिस्तूल काढून माझ्या टेबलावर ठेवायचं आणि मी त्यात खोट शोधायची, हा माझा धंदा. लाकडी मूठ मनगटाला टेकते का, बूट घोट्याच्या वर जातो का, पिस्तूल रिकामं असल्याची खूण म्हणून नळीत नारिंगी दोरी घातली आहे का, पिस्तूल ठरलेल्या मापाच्या पेटीत झाकण लागून बसतं का. एकही गोळी सुटायच्या आत मी चार जणांची तोंडं वाकडी करून ठेवतो. चोवीस वर्षं हेच केलं. सगळे मला मामा म्हणतात. पाठ वळली की काय म्हणतात ते मी कधी विचारलं नाही.

मामा हे नाव माझ्या भाच्यामुळे पडलं. धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. वडील लवकर गेले, म्हणून लहानपणापासून माझ्या मागे मागे रेंजवर यायचा आणि 'मामा, मामा' करून माझं डोकं खायचा. त्याचं ऐकून बाकीची पोरं म्हणायला लागली, मग त्यांचे आईबाप, मग संघटनेचे सेक्रेटरीसुद्धा. भाचा स्वतः गेल्या सात वर्षांत रेंजवर आलेला नाही. नाव तेवढं मला चिकटून राहिलं.

आमच्या तपासणीत जीव असतो तो ट्रिगरमध्ये. पंचवीस मीटरच्या पिस्तुलाचा ट्रिगर एक हजार ग्रॅमच्या आत सुटता कामा नये, हा नियम. तपासायची रीत अगदी साधी. पितळेचं एक गोल वजन, त्याला वर दांडी, दांडीच्या टोकाला आकडा. पिस्तूल रिकामं आहे ना ते पाहायचं, घोडा चढवायचा, नळी सरळ छताकडे धरायची, आकडा ट्रिगरच्या मधोमध अडकवायचा आणि सावकाश वर उचलायचं. वजन टेबल सोडून लोंबकळलं आणि घोडा पडला नाही तर पास. 'टक्' झालं की नापास. तीन संधी, चौथी नाही. ट्रिगर जेवढा हलका तेवढा हात कमी हलतो, म्हणून कसलेला नेमबाज हजाराच्या अगदी काठावर चालतो. कुणी हजार तीनवर ठेवतो, कुणी हजार पाचवर. त्याहून जास्त ठेवणारे एक तर नवशिके किंवा मला घाबरणारे. मला घाबरणारे बरेच होते. 'मामांच्या टेबलावर जायचं तर दहा ग्रॅम वर ठेव,' असं थोरले धाकट्यांना सांगायचे आणि मी ते ऐकून मनातल्या मनात सुखावायचो. आपला दरारा आहे, असं वाटायचं.

यंदाच्या निवड स्पर्धेत माझ्या हाताखाली एक नवी पंच दिली. तिचं औषधांचं दुकान आहे, म्हणून मी तिला औषधवाली म्हणतो. बोलणं मोजकं, हात स्वच्छ, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची खोड. संघटनेने यंदा जुना घड्याळी काटा मोडीत काढून इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता, एका ग्रॅमचाही फरक दाखवणारा. जुन्या काट्याच्या दोन रेघांमध्ये वीस ग्रॅमचं अंतर होतं. पिस्तुलं तोलायला तेवढं पुरायचं. सकाळी साडेसातला मी टेबलावर हिरवं कापड पसरत होतो, तेवढ्यात तिने विचारलं.

"मामा, ही वजनं काट्यावर कधी ठेवली होती?"

"ती काट्यावर ठेवत नाहीत," मी म्हणालो. "खाली शिक्का आहे बघ. वजनाचं वजन काय करतेस?"

"दुकानात आम्ही दर महिन्याला करतो," ती म्हणाली आणि क्रमांक दोनचं वजन काट्यावर ठेवलं. एक हजार. मग क्रमांक एक, म्हणजे माझं, ठेवलं. तिने ते उचललं, काटा पुसला, पुन्हा ठेवलं.

"मामा, हे एक हजार नऊ दाखवतंय."

मी म्हटलं, काटा सपाट नसेल. तिने काटा दुसऱ्या टेबलावर नेला. एक हजार नऊ. मी म्हटलं, हवा लागत असेल, पंखा बंद कर. तिने पंखा बंद केला. एक हजार नऊ. मी म्हटलं, बॅटरी उतरली असेल. तिने क्रमांक दोनचं वजन परत ठेवलं आणि तो हलकट काटा बरोबर एक हजारावर येऊन थांबला.

"शिक्का तर बरोबर आहे," ती वजन उलटं करून बघत म्हणाली. "ह्याचा आकडा मात्र दुसऱ्यासारखा नाही. बदललाय का कुणी?"

बदलला होता. मीच. सात वर्षांपूर्वी जुना आकडा झिजून धारदार झाला होता, लोकांच्या ट्रिगरवर ओरखडे पडायचे. मी स्वतः तो लेथवाल्याकडे नेला, शेजारी उभा राहून नवा करवून घेतला. चांगलं स्टील, आरशासारखा गुळगुळीत. जुना बारीक होता, हा जरा जाड झाला. मला तो इतका आवडला होता की येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटलो होतो. वजन करून बघावं, हे ना लेथवाल्याच्या मनात आलं ना माझ्या. खाली शिक्का होता ना. शिक्का असलेल्या वस्तूवर शंका घ्यायची नसते, हे मीच पोरांना शिकवत आलो होतो.

औषधवालीने पेटीतून कानस काढली. "नऊच ग्रॅम आहेत. दांडी घासली तर दहा मिनिटांत होईल. आठला रांग लागेल."

ती अगदी सरळ मनाने म्हणत होती. काम अडू नये, एवढाच तिचा हेतू. तिने ती कानस माझ्यापुढे धरली. दहा मिनिटं. पितळेचा भुगा फुंकून टाकायचा, आणि मग गेल्या सात वर्षांत ह्या वजनाने काय केलं, हे कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. खोटं कशाला सांगू, मी ती कानस हातात घेतली होती. बराच वेळ हातात होती.

"राहू दे," मी म्हणालो. "हे कुलपात ठेव. आज दोन्ही टेबलांना दोन नंबरचंच वापरू. आणि वहीत लिही. वेळ, वजन किती भरलं, सगळं."

"लोक विचारतील."

"विचारू देत."

दिवसभर मी पिस्तुलं उचलली, पण लक्ष तिथे नव्हतं. मी हिशेब मांडत होतो. सात वर्षांत माझ्या टेबलावर सकाळच्या तपासणीत अडलेले पुष्कळ. पण ते तिथल्या तिथे ट्रिगर जड करणारा स्क्रू आवळायचे आणि पास व्हायचे. त्यांचं काही बिघडलं नव्हतं. स्पर्धा संपल्यावर चिठ्ठी काढून जी तपासणी होते, तिच्यात मात्र आवळायची सोय नसते. तिथे नापास म्हणजे बाद. आणि त्या तपासणीत सात वर्षांत मी एकाच माणसाला बाद केलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत कपाटातून जुनी वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. सकाळी: टेबल दोन, वजन क्रमांक दोन, पास. दुपारी: टेबल एक, वजन क्रमांक एक, नापास, नापास, नापास. खाली माझी सही. नाव माझ्या भाच्याचं.

तो दिवस मला विसरायचा म्हटलं तरी विसरता आलेला नाही. त्या दिवशी त्याने आयुष्यातला सर्वांत चांगला खेळ केला होता. पहिला आला होता. संघात जागा पक्की, आणि खेळाडू म्हणून ज्या कचेरीत तो चिकटला होता तिथेही कायम होणार होता. चिठ्ठ्या काढल्या, त्यात त्याचा नंबर निघाला. आता, नियम असा आहे की नात्यातल्या माणसाचं पिस्तूल पंचाने स्वतः तपासायचं नाही, दुसऱ्याकडे द्यायचं. दुसऱ्या टेबलावरचा पंच निकालपत्रावर सह्या करायला गेला होता. पाच मिनिटांत आला असता. पण भोवती दहा-बारा जण उभे होते, आणि माझ्या अंगात आलं. म्हटलं, बघू देत सगळ्यांना, मामाच्या टेबलावर भाचा आणि परका एकच. मी आकडा अडकवला आणि उचललं. टक्. पुन्हा उचललं. टक्. तिसऱ्यांदा माझा श्वास मीच धरून ठेवला होता. टक्.

"मामा, सकाळी पास झालं होतं रे," तो म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता. "मी हातसुद्धा लावलेला नाही."

तेव्हा मी जे बोललो ते अख्ख्या खोलीने ऐकलं. मी म्हणालो, "सकाळी पास आणि दुपारी नापास, म्हणजे मधे स्क्रू फिरला. वजन काही फिरत नाही."

नुसता बाद झाला असता तर वर्षभरात लोक विसरले असते. पण तपासणीनंतर पिस्तुलात बदल करणं ही सरळ लबाडी, तिची चौकशी होते. चौकशी समितीत तीन जण होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पोरगा नाकारत राहिला तर जन्माची बंदी, आणि कबूल करून माफी मागितली तर तीन वर्षांत सुटेल. मी रात्रंदिवस त्याच्या मागे लागलो. मला खरोखर वाटत होतं की त्याने केलंय. वजन खोटं बोलणार नाही, मग पोरगाच बोलत असणार, इतकं ते मला स्वच्छ दिसत होतं. शेवटी तो दमला. मीच कागद पुढे केला, मजकूरही मीच सांगितला: तपासणीनंतर मी ट्रिगरचा स्क्रू सैल केला, मला पश्चात्ताप होत आहे. त्याने लिहिलं आणि सही केली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, शहाणा झालास.

तीन वर्षांची बंदी झाली. कचेरीने कबुलीची प्रत मागवून घेतली आणि त्याला घरी बसवलं. तीन वर्षांनी त्याने खेळायचं नाव काढलं नाही, पण शिकवण्याचा परवाना मागितला. पोरांना शिकवायची त्याला फार हौस होती. कबुलीवर बोट ठेवून अर्ज दोनदा परत केला गेला. रेंजवर तर त्याच्यावरून एक शब्दच पडला. कुणाचा ट्रिगर हलका निघाला की आजही म्हणतात, काय रे, भाचेगिरी केलीस काय? मला बघितल्यावर जीभ चावतात. आणि माझा मात्र भाव वधारला. सख्ख्या भाच्याला सोडलं नाही, असा माणूस आहे हा! पुढच्याच वर्षी मला मुख्य पंच केलं.

पण खरा घाव बसला तो बहिणीला. ती शाळेत ग्रंथपाल होती. पुस्तकाचं पान दुमडलेलं तिला खपायचं नाही, तर खोटं कुठून खपणार? बाद झाला त्या संध्याकाळी तो तिच्यापुढे बसून म्हणाला होता, आई, तुझ्या गळ्याची शपथ, मी हात लावलेला नाही. तिने विश्वास ठेवला. माझ्याशी भांडली. आठ दिवसांनी मी तिला त्याची कबुली दाखवली. ती तिने दोनदा वाचली. लबाडी तिने पोटात घातली असती, पण गळ्याची शपथ खोटी घेतली, हे तिच्या काळजात रुतलं. दोन पिशव्या भरून ती माझ्याकडे राहायला आली. त्याचा फोन आला की उठून दुसऱ्या खोलीत जायची. मी तिला सांगून पाहिलं, पोर आहे, चुकलं. ती म्हणायची, "दादा, तू मधे पडू नकोस. तुझा काय दोष?" असं साडेपाच वर्षं म्हणत राहिली. मग आजारी पडली, आणि गेली. शेवटच्या आठवड्यात तिने त्याला बोलावलं, ते दोघं काय बोलले मला ठाऊक नाही, पण मायलेकरांचं जुळलं एवढं मी दारातून पाहिलं होतं. त्याला आता दीड वर्ष झालं.

स्पर्धा संपल्यावर मी तीन पानी पत्र लिहिलं. वजनाचा फरक, आकड्याची हकिगत, वहीचं पान, नात्याचा नियम मी मोडल्याची कबुली, आणि शेवटी स्पष्ट: ह्या खेळाडूचा काडीचाही दोष नव्हता, दोष माझा होता. औषधवालीने साक्षीदार म्हणून सही केली. सही करताना तिने विचारलं, "हे तुमचे कोण?" मी सांगितलं. तिने टोपण लावून पेन ठेवलं, आणि त्यानंतर तिने मला मामा म्हटलेलं मला आठवत नाही.

सेक्रेटरींनी पत्र वाचलं, दार लावून घेतलं आणि चहा मागवला. चहा मागवतात तेव्हा समजायचं की काम होणार नाही.

"वजन बाद करू," ते म्हणाले. "तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुकच आहे. पण त्या प्रकरणाला हात लावता येणार नाही."

"का? तो निर्दोष आहे. आकडे समोर आहेत."

"आकडे म्हणतात, वजनात नऊ ग्रॅम जास्त होते. आणि खेळाडू स्वतः लिहून देतो की मी स्क्रू फिरवला. दोन्ही खरं असू शकतं ना? कबुली दिलेल्या माणसाला आम्ही निर्दोष कसं ठरवणार?"

"ती कबुली मी त्याच्याकडून लिहवून घेतली!"

"असं तुम्ही म्हणता. त्याने म्हणायला हवं." मग माझी दया आल्यासारखा त्यांचा आवाज जरा खाली आला. "त्याच्याकडून दोन ओळी आणा. कबुली खोटी होती, मी ती मागे घेतो. खाली सही. मग पुढच्या बैठकीत आपण बंदीची नोंदच काढून टाकू. परवानाही मिळेल. माझा शब्द."

त्या दोन ओळी मी त्यांच्याच टंकलेखकाकडून टाइप करून घेतल्या आणि तसाच भाच्याकडे निघालो.

तो आता किल्ल्या बनवतो. एका जुन्या कचेरीच्या इमारतीत, जिन्याखालच्या कोनाड्यात त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, मागे खिळ्यांवर टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या, आणि किल्ली कापायचं एक मशीन. मी गेलो तेव्हा तो एका कुलपाच्या पोटातली स्प्रिंग चिमट्याने बसवत होता. हात तसाच, पूर्वीसारखा, जराही न हलणारा. मला पाहून त्याने चिमटा ठेवला आणि बसायला स्टूल सरकवलं.

"तब्येत बरी आहे ना?" त्याने विचारलं. पूर्वी अरे-तुरे करायचा, हल्ली तुम्ही म्हणतो.

मी काही प्रस्तावना केली नाही. तीन पानं त्याच्यापुढे ठेवली. त्याने फळीवरचा भुगा पुसला आणि वाचायला घेतलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काय बघायचं होतं मला? रागवेल, रडेल, माझी गचांडी धरेल. धरायला हवी होती. त्याने शेवटपर्यंत वाचलं, पहिल्या पानावर परत गेला, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"नऊ ग्रॅम?"

"नऊ."

"माझा हजार चारवर होता," तो म्हणाला. "सकाळी मी स्वतः तीनदा मोजला होता."

"मला माफ कर," मी म्हणालो. असले शब्द मला जमत नाहीत. "मी तुझं वाटोळं केलं. तू खरं सांगत होतास आणि मी तुला खोटा पाडला."

त्याने पानं नीट जुळवून परत दिली. "मला हे नवीन नाही ना, मामा. मी स्क्रू फिरवला नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नवीन आहे ते तुम्हाला."

ते खरंच होतं. मी घाईघाईने दुसरा कागद काढला, त्या दोन ओळींचा. सेक्रेटरी काय म्हणाले ते सांगितलं. बंदीची नोंद जाईल, परवाना मिळेल, पोरांना शिकवता येईल, रेंजवर ताठ मानेने येता येईल. "फक्त सही कर," मी म्हणालो आणि खिशातलं पेन उघडून त्याच्यापुढे धरलं.

त्याने कागद वाचला. बराच वेळ वाचला, दोन ओळींना लागतो त्याहून फार जास्त.

"कबुली खोटी होती," त्याने मोठ्याने वाचलं. "शेवटच्या आठवड्यात आईने बोलावलं होतं, आठवतं?"

"हो. तुमचं जुळलं ना तेव्हा."

"कसं जुळलं ते माहितीय?" त्याने कागद फळीवर ठेवला. "पहिल्या दिवशी तिने विचारलं, आता तरी खरं सांग, फिरवला होतास ना? मी म्हटलं, नाही आई, देवाशप्पथ नाही. तर तिने तोंड भिंतीकडे केलं. तासभर बसलो होतो, तिने वळून पाहिलं नाही. तुम्ही मला चहा आणून दिलात."

मला चहा आठवला.

"दुसऱ्या दिवशी परत गेलो. तिला धड बोलवत नव्हतं. परत तेच विचारलं. मग मी म्हटलं, हो आई. फिरवला होता. तुझी खोटी शपथ घेतली, चुकलं माझं." तो मशीनवरचा भुगा बोटाने गोळा करत राहिला. "तिने माझा हात धरला. म्हणाली, एवढंच ऐकायचं होतं रे. आता मला झोप लागेल. माझा हात धरून झोपली. साडेपाच वर्षांनी."

मी त्या दारात उभा होतो. तिचा हात त्याच्या हातात बघून माझे डोळे भरून आले होते. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, बरं झालं, पोराने अखेर आईजवळ कबूल केलेलं दिसतंय.

"पहिल्यांदा खोटं लिहिलं ते तुमच्यासाठी," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा खोटं बोललो ते तिच्यासाठी. तुमच्यासाठी लिहिलेलं मी आत्ता फाडून टाकलं असतं. पण दोन्हीकडे वाक्य एकच आहे. ह्याच्यावर सही केली, तर ती जाताना मी तिला काय सांगितलं? आणि तिने माफ केलं ते कशाचं?"

"ती आता नाही रे," मी म्हणालो. "तिला कुठे कळणार आहे?"

"मला कळेल."

"अरे, पण तुझं नाव! लोक तुला अजून..."

"म्हणू देत. तिला पटलं होतं, आता लोकांना नाही पटलं तरी चालेल." त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि माझ्याच खिशाला अडकवलं. कागदाची घडी घालून तीही माझ्या हातात दिली. रागाने नाही. राग असता तर मला सोसला असता.

मी तिथेच उभा राहिलो. मला वाटत होतं, अजून काहीतरी असेल जे मी करू शकेन, अजून कुणाकडे तरी लिहिता येईल, कुठली तरी बैठक असेल. मागे जिन्याच्या पायरीवर एक माणूस हातात जुनी किल्ली घेऊन केव्हाचा ताटकळत होता.

"मामा," भाचा म्हणाला, "जरा बाजूला व्हा. त्यांना घाई आहे."

मी बाजूला झालो.